समुद्रातल्या सुटकेचा सुपरहिरो अंक लिहिताय? या चुका टाळा

अशा कॉमिक अंकाची स्क्रिप्ट बहुतेकदा तिसऱ्या पानावरच संपते. हिरो येतो, बुडतं जहाज उचलतो, किनाऱ्यावर ठेवतो. अमेरिकी पद्धतीच्या मासिक अंकात गोष्टीला साधारण 20 ते 22 पानं मिळतात, त्यामुळे उरलेली पानं भरायला पाण्यातून खलनायक वर काढला जातो आणि सुटकेची गोष्ट मारामारीची होऊन बसते.

यावर लेखक हिरोची ताकद कमी करायला बघतात. तसं करू नका, समुद्राचे नियम वापरा. पाण्याने सगळीकडून आधार द्यावा, या हिशेबाने जहाज बांधलेलं असतं. मोठं जहाज मधोमध दोन तळव्यांवर उचललं तर ते स्वतःच्याच वजनाने मोडेल. त्यात आत शिरलेलं पाणी एका जागी थांबत नाही. 1987 साली बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून निघालेल्या ‘हेरल्ड ऑफ फ्री एन्टरप्राईज’ या फेरीबोटीचे पुढचे दरवाजे उघडे राहिले होते. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, एका बाजूला धावलं आणि बघता बघता फेरी आडवी झाली. 193 माणसं गेली. तुमच्या हिरोने कललेलं जहाज नुसतं रेटून सरळ केलं, तर तेच पाणी दुसऱ्या बाजूला धावेल. आधी भोक बुजवायचं की आधी माणसं काढायची, या एका प्रश्नावर सहा पानं सहज उभी राहतात.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खुपते. बुडणारा माणूस हात वर करून ‘वाचवा!’ ओरडताना काढतात. जो ओरडतोय त्याला मदत हवीच आहे, पण त्याच्यात अजून दम आहे. खरोखर बुडत असलेल्याला श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या रेषेवर, डोकं मागे कललेलं, नजर कुठेच नाही, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबतायत. हे पॅनेल, म्हणजे ही चौकट, संवादाच्या बलूनशिवाय काढा, ‘छपाक’सारखा ध्वनिशब्दही नको. पुढे ओरडणारा खलाशी मोठा दाखवा आणि मागे, लाटेच्या कडेला, हे शांत डोकं. हिरो ओरडणाऱ्याकडे झेपावतो तिथे विषम, म्हणजे उजवीकडचं पान संपू द्या. पान उलटलं की सम पानावर तीच लाट दिसावी, डोक्याशिवाय. हाच क्षण समोरासमोरच्या दोन पानांवर ठेवलात तर वाचकाची नजर आधीच पुढे गेलेली असते आणि धक्का वाया जातो.

माणूस पाण्याबाहेर काढल्यावर गोष्ट सुटली असं समजू नका. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला काखेत धरून उभं वर ओढलं, तर अंगावरचा पाण्याचा दाब एकदम सुटतो, रक्तदाब कोसळतो आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून जमेल तेव्हा अशा माणसाला आडवं उचलतात. हेलिकॉप्टरवाले एक पट्टा काखेखाली आणि एक गुडघ्यांखाली घालतात. तुमचा हिरो ओल्या माणसाला मनगटाला धरून सुसाट उडणार असेल, तर ते पान पुन्हा लिहा. उलट, पोलादी दार एका हाताने उपटणारे तेच हात एका म्हाताऱ्याला पाळण्यातल्या बाळासारखं सावकाश उचलतायत, एवढ्या एका चित्रात तो हिरो कोण आहे ते कळतं.

चित्रकाराशी दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. क्षितिजाची रेषा दर पानावर एकदा तरी दिसू द्या, नाहीतर वर-खाली काही कळत नाही. आणि लाईफजॅकेट नारिंगी असतील तर हिरोचा पोशाख नारिंगी नको.

स्वतंत्र अंकात ‘मागील अंक पाहा’ चालत नाही. हिरोला काय जमतं आणि काय नाही, हे पहिल्या चार पानांत कृतीतून यावं. वायरलेसवरचं लांबलचक संभाषणही छाटा: तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक, जहाजाचं नाव, ठिकाण, माणसं किती. हा शेवटचा आकडा मात्र गाळू नका, कारण शेवट त्याच्यावरच उभा राहतो. उगवत्या सूर्यासमोर उभा हिरो शेवटच्या पानावर नको. तिथे ओल्या यादीवर बोट फिरवणारी कप्तान हवी. यादीत 41 नावं, डेकवर 40 माणसं, आणि हिरो पुन्हा पाण्याकडे वळलेला.