गरोदरपणात जांघ दुखते म्हणून कंबर ‘बसवून’ घेताय? या चुका टाळा

“मॅडम, हाड सरकलंय. तेवढं बसवून द्या.” सातव्या महिन्यातली एक मुलगी दाराची चौकट धरून मला सांगत होती. आठवड्यापूर्वी कुणीतरी तिला कुशीवर झोपवून, गुडघा दाबून कंबरेला पीळ दिला होता. त्या रात्रीपासून कूस बदलतानाही तिला रडू येत होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते, की सुरुवात तिथूनच करते.

हाड सरकलेलं नसतं. कंबरेखालची हाडं मिळून एक कडं बनतं. त्याला पुढे, ओटीपोटाच्या खाली एक सांधा आणि मागे माकडहाडाच्या वर दोन सांधे असतात. दिवस गेल्यावर या सांध्यांचे बंध थोडे सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो आणि एखाद्या सांध्यावर जास्त ताण पडून तो चिडतो. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला हा त्रास होतो. मग बसवायचं काय? झटका दिल्यावर कट्‌कन आवाज आला म्हणजे हाड जागेवर आलं, असं नसतं. आधीच चिडलेला सांधा अशा झटक्याने आणखी चिडू शकतो.

हातांनी करायचे उपचार वेगळे असतात. त्या मुलीला मी कुशीवर झोपवलं, एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली. कुल्ल्यातला ताठरलेला स्नायू हलक्या दाबाने धरून ठेवला, तो हळूहळू सैल होत गेला. मग पाठीखाली उशा देऊन तिला अर्धवट बसतं केलं. गुडघे दुमडून ते माझ्या तळहातांवर बाहेर रेटायला सांगितलं, पाच सेकंद. मग माझी मूठ गुडघ्यांमध्ये धरून आत दाबायला सांगितलं. जोर तिचा, मी फक्त अडवते. शेवटी एक पाय सरळ वीतभर उचलायला सांगितला, तर तो तिला शिशासारखा जड वाटला. मी दोन्ही बाजूंनी कंबर तळहातांनी आवळून धरली, आणि तोच पाय सहज वर आला. “अगं बाई, उचलला की!” असं ती म्हणाली, तेव्हा तिला कळलं की कमी पडत होता तो आधार.

जोरात चोळलं की गुण येतो, ही दुसरी चूक. मालिशवाल्या मावशींचा हात कितीही हलका असो, एका पोटरीला सूज, लाली किंवा दुखरेपणा असेल तर तिथे चोळू देऊ नका. गरोदरपणात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. आधी डॉक्टरांना दाखवा. नंतरच्या महिन्यांत बराच वेळ सरळ उताणं झोपवून उपचार घेऊ नका. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. रक्तस्राव झालाय का, वार खाली आहे का, बीपी किती, हे न विचारता जो हात लावतो, त्याच्याकडून उपचार घेऊच नका.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र घरी होतं. उपचारानंतर दोन दिवस बरं वाटतं, आणि मग बाई एका पायावर उभी राहून सलवार घालते. परकर, सलवार, चप्पल, सगळं बसून घाला. मोठं मूल कडेवर घेऊ नका, बादली एका हातात उचलू नका. रिक्षातून उतरताना दोन्ही गुडघे जुळवून एकत्रच बाहेर वळा. अंथरुणातून उठतानाही तसंच: गुडघे एकत्र, कुशीवर, मग हाताने रेटून वर. जिन्यावर एकेक पायरी घ्या, दोन्ही पाय एका पायरीवर आले की पुढची. डोहाळजेवणाला तासभर पाटावर बसवतात, तिथे खुर्ची मागायला लाजू नका. उकिडवं बसून दुखत असेल तर कमोड वापरा.

उलट टोकाची चूक म्हणजे पडूनच राहणं. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचं संशोधन एकत्र करून तपासते. तिच्या २०१५ च्या आढाव्यात ३४ चाचण्या तपासल्या होत्या. हातांचे उपचार, व्यायाम आणि माहिती एकत्र दिल्याने फायदा होऊ शकतो, असं त्यात दिसतं. नुसत्या हातांवर विसंबू नका.

कंबरेला आधार देणारा पट्टा बऱ्याच जणी पोटावर बांधतात, तो खाली खुब्यांभोवती हवा. चालताना-कामाला वापरा, झोपताना काढा. आणि घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नका. २० आठवड्यांनंतर तिचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

पोट ठरावीक अंतराने कडक होतंय, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय, ताप आहे, लघवीला जळजळ होतेय, बाळाची हालचाल कमी झालीय, किंवा जांघेत बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा गेलाय, तर थेट दवाखाना गाठा.

नवव्या महिन्यात एक गोष्ट करून ठेवा. पलंगावर टेकून बसा, दुखणं सुरू होण्याच्या आत गुडघे जितके फाकतात तितके फाकवा आणि मधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजायला घरच्यांना सांगा. तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. प्रसूतीच्या खोलीत गेल्यावर सिस्टरला सांगा: “शक्यतो याच्यापुढे पाय ताणू नका, मी कुशीवर झोपले तर चालेल का?”