स्कारबरो ब्लफ्सला पोहायला जाताना

उन्हाळ्यात टोरोंटोला आई-बाबा येतात आणि ‘समुद्रावर कधी न्यायचंस?’ अशी भुणभुण सुरू होते. हा समुद्र नाही, ऑन्टारिओ सरोवर आहे, हे सांगून माझ्या आईला पटेना. शेवटी तिने बोट बुडवून जिभेला लावलं. ‘अगं, गोडं आहे की!’ गोडं असलं तरी चाखू नका, आणि स्कारबरो ब्लफ्स या सरोवराकाठच्या उंच कड्यांखाली पोहण्याआधी थोडा अभ्यास करा.

सुरुवात दोन दिवस आधी, पावसापासून. टोरोंटोच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहतं. मुसळधार पाऊस झाला की नळ भरतो आणि जादा मैलापाणी सरोवराकडे जातं. म्हणून जोराचा पाऊस थांबल्यावर ४८ तास पोहू नये. ऊन कितीही छान पडलं तरी.

मग निघायच्या दिवशी सकाळी महापालिकेच्या संकेतस्थळावर ब्लफर्स पार्कचा, म्हणजे या कड्यांखालच्या चौपाटीचा, पाणी तपासणीचा निकाल पाहा. जीवरक्षक असलेल्या चौपाट्यांवर उन्हाळ्यात रोज पाण्याचे नमुने घेतात. १०० मिलिलिटरमागे १०० पेक्षा जास्त ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) आढळले तर पाणी पोहण्यास अयोग्य. ऑन्टारिओ प्रांताची मर्यादा २०० आहे, शहर त्याहून कडक. पण गंमत अशी, की जंतू वाढवून मोजायला सुमारे दिवस लागतो. म्हणजे आज वाचलेला निकाल कालच्या पाण्याचा. रात्री पाऊस झाला असेल तर निकालापेक्षा पावसावर विश्वास ठेवा.

जायचं ब्रिमली रोडने दक्षिणेकडे, थेट खाली. सुट्टीच्या दिवशी पार्किंग लवकर भरतं, तेव्हा सकाळीच निघा.

पोचल्यावर लगेच उडी मारू नका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून खाली बघा: पायाची बोटं दिसतात का? गढूळ असेल तर किनाऱ्यावरच बसा. थंडीचाही अंदाज घ्या. पश्चिमेचा वारा सलग वाहिला की वरचं कोमट पाणी आत सरकतं आणि तळाचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. मग जुलैतही पाय बधिर होतात. भाऊ म्हणाला, ‘गोव्यासारखं असेल,’ आणि घोट्यापर्यंत जाऊन परत आला.

आता कड्यांबद्दल. शेवटच्या हिमयुगाने मागे ठेवलेल्या वाळू-मातीचे हे थर, सुमारे १५ किलोमीटर लांब, कुठे कुठे ९० मीटरपर्यंत उंच. सह्याद्रीच्या कातळाची सवय असलेल्याला ते भक्कम वाटतात, पण हा कातळ नाही. वरून पाणी मुरतं, तळाला लाटा खातात आणि भाग कोसळतात. फोटोसाठी कुंपण ओलांडून कड्याच्या काठावर गेलेल्यांना सोडवायला अग्निशमन दलाला यावं लागतं, आणि दंडही होतो. कड्याच्या पायथ्याशी सतरंजी अंथरू नका. फोटो किनाऱ्यावरूनच काढा, सकाळी. ऊन तेव्हा कड्यांवर समोरून पडतं.

शेवटचं, सीगल आणि बदकांबद्दल. मुलांना त्यांना पाव घालायला आवडतं. घालू देऊ नका. पक्षी जमले की विष्ठा वाढते, आणि तिच्यातले जंतू पाण्यापेक्षा ओल्या वाळूत जास्त टिकतात. वाळूचा किल्ला बांधून झाला की चिवड्याचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा. आई नुसत्या पदराला पुसू देते, तिथे लक्ष ठेवावं लागतं.