‘राडा’ शब्दाचा माग कसा काढायचा

पावसात गोठ्यापुढे राडा होतो, दोन गटांत राडा होतो आणि ढोलवाला रंगात आला की पोरं ओरडतात, ‘राडा केलास भावा!’ पहिला चिखल, दुसरी मारामारी, तिसरी दाद.

अर्थ लावताना आधी क्रियापद बघा. ‘राडा घातला’ म्हणजे भांडणच. चिखल कोणी घालत नाही. ‘करणे’ मात्र फसवं. पोरानं जेवताना राडा केला तर सांडलवंड, स्टँडवर केला तर हाणामारी. शंका आली तर त्या जागी ‘चिखल’ आणि ‘मारामारी’ आळीपाळीनं घालून वाक्य मोठ्यानं वाचा. दोन्ही अडखळले तर बहुधा दाद आहे. ‘राडारोडा’ वेगळा ठेवा. तो पाडकामातल्या विटा-मातीचा ढीग. महापालिकेच्या नोटिशीतही हाच शब्द असतो.

बोलणाऱ्याला ‘अर्थ काय?’ विचारलं की तो घासूनपुसून उत्तर देतो. ‘कधी म्हणता?’ विचारा. पूर्ण वाक्य, गाव आणि अंदाजे वय टिपा. लिहिताना अनुस्वार सांभाळा. ‘राड’ म्हणजे चिखल. वर टिंब पडलं की थेट शिवी.

आता मूळ. इंग्रजी ‘रेड’वरून ‘राडा’ आला, हे ऐकायला झकास, पण पोलिसांची रेड मराठीत रेडच राहिली; तिचा ‘राडा’ व्हायला काही कारण नाही. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर जाऊ नका, ध्वनीचा नियम लावून बघा. संस्कृत ‘घोटक’चा घोडा झाला, ‘वट’चा वड झाला, दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ होतो. त्याच वाटेनं ‘राटि’, म्हणजे भांडण, ‘राड’पर्यंत येतं. हिंदीत ‘रार’ म्हणजे तंटा, गुजरातीत ‘राड’ म्हणजे किंकाळी. चिखलाकडूनही भांडणाकडे जाता येतं: आधी पसारा, मग गोंधळ, मग हाणामारी. आमच्या मते हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळलेत, त्यामुळे एकच मूळ ठोकून सांगण्याचा हट्ट नको. दाद ही मात्र या सगळ्यावरची नवी फांदी. ‘धुरळा’ही असाच धुळीतून निघून धमालीपर्यंत पोचला.

ताळा करायला मोल्सवर्थचा कोश (1831, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घ्या. ‘राड’ आणि ‘राडा’ दोन्ही नोंदी बघा, एकीवर थांबू नका. पोरांची दाद तिथं सापडणार नाही. म्हणून ती चुकीची ठरत नाही. पोलीस तक्रारीत मात्र ‘हाणामारी’च लिहा.