पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून प्रवास करताना घ्यावयाची काळजी

पुण्याहून विमानाने जाणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वीच हे ध्यानात घ्यावे की, येथील धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय हवाई दलाकडे आहे. लोहगावचा तळ १९३९ मधला असून, सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ मध्ये हवाई दलात दाखल झाली ती येथेच. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे तो टर्मिनलचा आणि प्रवासी विमाने उभी करण्याचा भाग. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाल्याने आतली गर्दी विभागली गेली. प्रवासी विमानांसाठी धावपट्टी मात्र एकच राहिली, आणि वेळेचे सारे गणित तिच्यावरच अवलंबून असते.

लढाऊ विमानांचे सराव चालू असताना प्रवासी विमानाला थांबावे लागते, आणि एखादे विमान टायर फुटून धावपट्टीवर अडकले, तर ते हलवेपर्यंत दोन्हीकडची वाहतूक खोळंबते व येणारी विमाने अन्यत्र वळवावी लागतात. म्हणून दिल्लीहून किंवा मुंबईहून पुढे परदेशी जायचे असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत आणि मध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात. प्रवास काही महिन्यांनंतरचा असेल, तर धावपट्टीच्या दुरुस्तीची सूचना निघाली आहे का, हेही पाहावे. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात अशाच कामासाठी येथील विमानसेवा पूर्ण बंद होती.

छायाचित्रणाबाबत कोणतीही सवलत गृहीत धरू नये. विमानाकडे चालत किंवा बसने जाताना, तसेच उड्डाण व उतरण्याच्या वेळी खिडकीतून बाहेरचे चित्रीकरण करू नये. मुलांच्या हाती मोबाइल असेल, तर त्यांना हे आधीच समजावून सांगावे. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए), विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या लष्करी विमानतळांसाठी, विमान दहा हजार फुटांखाली असताना खिडक्यांची झापे बंद ठेवण्याचा आदेश काढला होता. आपत्कालीन दारांजवळच्या खिडक्या त्यातून वगळल्या होत्या. अशा सूचना परिस्थितीनुसार बदलतात, त्यामुळे त्या दिवशी विमानातील कर्मचारी जे सांगतील तेच अंतिम मानावे.

गोव्यात दाबोळी विमानतळही असाच लष्करी तळावर, म्हणजे नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे, आणि तेथेही चित्रीकरणाबाबत हीच शिस्त पाळावी.

विमाननगर, धानोरी, लोहगाव या परिसरात राहणाऱ्यांकडे तर विमानांच्या सुरक्षिततेची जबाबदारी रोजचीच आहे. उघड्यावर टाकलेल्या खरकट्यामुळे आणि मांसाच्या कचऱ्यामुळे घारी जमतात, आणि त्यांची धडक प्रवासी व लढाऊ या दोन्ही विमानांना सारखीच घातक ठरते. तेव्हा कचरा झाकून ठेवावा, गच्चीवर कबुतरांना दाणे टाकू नयेत आणि विनापरवाना ड्रोन उडवू नये.