‘टेम्परेट’ हे इंग्रजी विशेषण नेमके कुठे वापरावे

‘संयमी’ला इंग्रजी शब्द शोधला की शब्दकोशात ‘टेम्परेट’ सापडतो, आणि मग तो दिसेल तिथे बसवला जातो. पण हा संयम मात्रेचा आहे, सोशिकपणाचा नाही. एवढे धरून ठेवले तर पुढचे सोपे जाते.

आधी उच्चार. स्पेलिंगच्या शेवटी ‘एटीई’ असले तरी ‘रेट’ लांबवू नका. जोर पहिल्या ‘टेम्’वर द्या आणि शेवट ‘टेम्प्रट’सारखा आखूड ठेवा. ‘सेपरेट’ विशेषण असताना असाच आखडतो, क्रियापद असताना लांबतो.

मग अर्थ पक्का करा. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ ‘योग्य प्रमाणात मिसळणे’ आणि ‘आवर घालणे’ असा दुहेरी आहे. म्हणूनच सुमारे २३.५ ते ६६.५ अंश अक्षांशांमधल्या समशीतोष्ण पट्ट्यालाही ‘टेम्परेट झोन’ म्हणतात. टोक टाळणे हा गाभा, पूर्ण त्याग नव्हे. ‘टेम्परेट ड्रिंकर’ दारू पितो, पण बेताने. अजिबात न पिणारा तो ‘टीटोटलर’. गोंधळ होतो तो ‘टेम्परन्स’ या नामामुळे. एकोणिसाव्या शतकात या नावाने चाललेली चळवळ दारू कमी पिण्याच्या आग्रहाकडून हळूहळू संपूर्ण वर्ज्यतेकडे गेली. त्या संदर्भातल्या ‘टेम्परन्स सोसायटी’चे भाषांतर ‘संयम मंडळ’ असे केले तर अर्थच हरवतो.

आता वाक्यात बसवा. भाषेला हा शब्द सर्वांत शोभतो: ‘हर रिप्लाय वॉज टेम्परेट’, म्हणजे तिचे उत्तर संयत होते. सवयींबद्दल लिहिताना पुढे ‘इन’ घ्या: ‘ही इज टेम्परेट इन हिज ईटिंग’, तो मिताहारी आहे. इथे ‘विथ’ नको. क्रियाविशेषण हवे असेल तर ‘टेम्परेटली’.

शंका आली तर मराठीत ‘मात्रा सांभाळून’ घालून पाहा. ‘तिने संयमाने वाट पाहिली’ यात ते बसत नाही, म्हणून तिथे ‘पेशंटली’. संकटात न डगमगणारा ‘कम्पोज्ड’, रोज पहाटे उठून सराव करणारा ‘डिसिप्लिन्ड’. साध्या बोलण्यात माणसाला ‘टेम्परेट’ म्हणणे पुस्तकी वाटते, ‘सेल्फ-कंट्रोल्ड’ बरा.

दिसायला जवळचे दोन शब्द सांभाळा. ‘टेम्पर्ड’ म्हणजे तापवून योग्य कणखरपणा आणलेले पोलाद, किंवा एखाद्या गोष्टीने सौम्य झालेला उत्साह. ‘टेम्परामेंटल’ तर जवळजवळ उलटा: लहरी, घटकेत बिघडणारा. कौतुकाच्या पत्रात हा चुकून पडला तर समोरचा दुखावतो. खरा विरुद्धार्थी शब्द ‘इन्टेम्परेट’. ‘इन्टेम्परेट लँग्वेज’ म्हणजे तोल सुटलेली भाषा.