पेट शोमध्ये उंदीर बघायला जाताना

पुण्यात निव्वळ उंदरांचा शो मी अजून पाहिलेला नाही. पाळीव उंदीर भेटतात ते पेट शोमध्ये, कुत्र्यांची रिंग ओलांडून मागे, हॅमस्टर आणि गिनीपिगच्या शेजारच्या टेबलांवर. जायचं ते सकाळी गेट उघडताच. ऊन चढलं की हे निशाचर प्राणी एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. अत्तर लावू नका. गाडीच्या किल्ल्या खिशातच राहू द्या; आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, उंदराला ८० हजारांच्या आसपास, आणि किल्ल्यांच्या खुळखुळाटात तसले तीव्र स्वर असतात.

आता हात लावण्याबद्दल. 'घाबरू नका, बोट पुढे करा, तो हुंगेल' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. भाचीने नुकताच वडापाव खाल्ला होता, मीच तिला म्हटलं, घाल बोट जाळीतून. कडकडून चावला. उंदराची नजर अधू, सगळी भिस्त नाकावर. जाळीतून आत आलेलं, बटाट्याचा वास येणारं बोट म्हणजे त्याच्या लेखी खाऊच. भाचीची जखम चार दिवसांत भरली. पण ज्या मुलाचा तो उंदीर होता, त्याने महिनोन्‌महिने माणसाळवलेला उंदीर दिवसभर चादरीखाली झाकून ठेवावा लागला आणि येणारा-जाणारा त्याला 'चावरा' म्हणत राहिला. चूक माझी होती.

म्हणून आधी साबणाने हात धुवा. सॅनिटायझरने खाण्याचा वास जाईलच असं नाही. मग मालकाला विचारा आणि उंदीर त्यालाच बाहेर काढू द्या. तळहात खालून, सावकाश पुढे करा. वरून येणारा हात म्हणजे घारीची झडप. त्याने हुंगून होईपर्यंत थांबा, मगच कानामागे बोट फिरवा. शेपटीला धरून उचलायचं कधीही नाही, तिची कातडी सोलून निघते. तरी चावलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बघायचं काय? डोकं-खांदे गडद आणि पाठीवर पट्टा असलेला हुडेड. कान खाली, बाजूला असलेला डंबो. लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर मान डावी-उजवीकडे झुलवत असेल तर त्याला आजारी समजू नका, तो अंतराचा अंदाज घेतोय. इंग्लंडमध्ये १९७६ पासून नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी ही हौसेने उंदीर पाळणाऱ्यांची संस्था आहे. तिच्या शोमध्ये परीक्षक रंग, ठेवण आणि स्वभावही पाहतात. आपणही स्वभाव आधी पाहावा.

घरी उंदीर असतील तर परतल्यावर थेट आंघोळ, कपडे धुवायला, मगच पिंजऱ्याकडे. श्वसनाचे आजार हातांवरून, कपड्यांवरून येतात. शोमधून नवा उंदीर आणू नये असं माझं ठाम मत आहे. आणलाच, तर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, आणि रोज आधी घरच्यांचं खाणंपाणी, मग त्याचं.