नॅनोपोरचा डेटा उघडण्याआधी

मागच्या खेपेला तीन आठवड्यांचं विश्लेषण टाकून द्यावं लागलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. नॅनोपोर म्हणजे पडद्यातलं काही नॅनोमीटर रुंदीचं छिद्र. त्यातून वाहणारा करंट मोजत राहायचा; डीएनएचा रेणू पार होताना तो क्षणभर बदलतो, सहसा घसरतो. असा एक बदल म्हणजे एक इव्हेंट. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं, हे सगळ्यांना माहीत असतंच.

आधी फिल्टर. प्रत्येक फाइलपुढे लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वरचं कापणारा) किती किलोहर्ट्झवर होता ते लिहा, मगच पुढे जा. सॅम्पलिंग रेट हेडरमध्ये सापडतो. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फिल्टरचा नॉब त्या दिवशी कुठे होता, हे मात्र तिथे असेलच असं नाही. माझ्या काही फाइली 100 किलोहर्ट्झच्या होत्या, काही 10 च्या, आणि मी त्या सरसकट एकत्र केल्या. हजार बेस-जोड्यांचा डीएनए सॉलिड-स्टेट (घन पदार्थाच्या पडद्यातल्या) पोरमधून काही दशक मायक्रोसेकंदांत पार होतो. 10 किलोहर्ट्झच्या बेसेल फिल्टरचा (लो-पासचाच एक प्रकार) राइज टाइम, म्हणजे अचानक बदल झाल्यावर सिग्नलला नव्या पातळीवर पोचायला लागणारा वेळ, सुमारे 33 मायक्रोसेकंद. म्हणजे करंट तळाला टेकायच्या आत रेणू निघून गेलेला असतो आणि चौकोनी खड्ड्याच्या जागी उथळ, गोलसर खळगा उरतो. इव्हेंटच्या खोलीच्या हिस्टोग्रॅममध्ये दोन शिखरं आली. उथळ शिखर सरळ गेलेल्या डीएनएचं, खोल शिखर घडी पडून गेलेल्याचं, असा अर्थ मी लावला. घडी वगैरे काही नव्हती, नॉब दोन ठिकाणी होता.

वेगवेगळ्या फिल्टरच्या फाइली तुलनेला घ्यायच्याच असतील तर 100 वाल्या सॉफ्टवेअरमध्ये 10 वर आणा. उलटं होत नाही. जे कापलं गेलं ते परत येत नाही. आणि राइज टाइमच्या दुपटीपेक्षा छोट्या इव्हेंटच्या खोलीवर विसंबू नका. सॅम्पल कमी करायचे असतील तर आधी फिल्टर, मग डेसिमेशन (मधले सॅम्पल गाळणं). क्रम चुकला तर वरचा नॉइज खाली दुमडून येतो.

कोरी फाइल हवीच: नमुना घालण्यापूर्वी, त्याच व्होल्टेजवर घेतलेली. तिच्यातही इव्हेंट दिसत असतील तर पुढचं सगळं संशयास्पद. ओपन-पोर करंट (पोर मोकळा असतानाचा) ओळखीचा आहे का पाहा. अल्फा-हेमोलायसिन या प्रथिनाच्या पोरला 1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये 120 मिलिव्होल्टला साधारण 120 पिकोअँपिअर मिळतात. निम्मेच दिसत असतील तर पोर अडकलेला असेल.

बेसलाइन, म्हणजे इव्हेंट नसतानाची करंटची पातळी, सरकते, त्यामुळे अख्ख्या फाइलची सरासरी चालत नाही, सरकती खिडकी लावा. थ्रेशोल्ड (ज्याच्यापलीकडे गेलं की इव्हेंट धरायचा) पाच सिग्मा, म्हणजे नॉइजच्या प्रमाण विचलनाच्या पाचपट, ठेवायचा तर सिग्मा कुठल्या फिल्टरवर मोजला? 100 किलोहर्ट्झवरचे पाच सिग्मा आणि 10 वरचे पाच सिग्मा हे वेगवेगळे पिकोअँपिअर असतात. इथेही तोच प्रश्न, म्हणून पुन्हा सांगते: फिल्टर लिहून ठेवा. सुरुवातीचा आणि शेवटचा थ्रेशोल्ड वेगळा ठेवा, नाहीतर नॉइजमुळे एकाच इव्हेंटचे चार तुकडे होतात. क्षार कमी असेल तर सॉलिड-स्टेट पोरमध्ये डीएनए गेल्यावर करंट वाढूही शकतो, तेव्हा दोन्ही दिशांना शोधा.

पॉवर स्पेक्ट्रम काढा, विजेच्या मेन्सची टोकं दिसतील. ड्वेल टाइम (इव्हेंट किती वेळ टिकला) लॉग अक्षावर. दोन इव्हेंटमधली अंतरं एक्स्पोनेन्शियल बसतात का ते तपासा. निदान पन्नास इव्हेंट डोळ्यांनी पाहा. सेटिंग्ज सेव्ह करा. निकालाच्या तक्त्यात फिल्टरचा रकाना ठेवा, आणि तो रिकामा असलेली फाइल बाजूला काढा.